पडद्याशेजारचा निरूपणकार

कुंडलिका नदी अरबी समुद्राला जेथे मिळते तेथे उत्तर तीरावर रेवदंड्याचा कोट आणि दक्षिण तीरावर कोर्लईचा डोंगरी किल्ला असे पोर्तुगीज अंमलाचे दोन साक्षीदार समोरासमोर उभे आहेत. आणि कोटाच्या आत, नारळी-पोफळीच्या वाड्यांतून वाट काढीत गेल्यास, फ्रान्सिस्कन संन्याशांच्या चर्चचा जो मनोरा गावकऱ्यांच्या तोंडी 'सातखणी' या नावाने अद्याप शिल्लक आहे, त्याच्या पायथ्याशी घटकाभर थांबणाऱ्या प्रवाशाच्या सहसा ध्यानात येत नाही की, आज ज्याला आपण दृक्-श्राव्य धर्मशिक्षण असे भारदस्त नाव देतो तो उद्योग या किनाऱ्यावर चारशे वर्षांपूर्वीच चालू झालेला होता. वेदीमागील कोरीव व रंगविलेल्या मूर्ती, पवित्र सप्ताहातील मिरवणुका, नाताळातील गोठ्याचा देखावा, ही सारी त्या काळच्या निरक्षर भाविकासाठी उघडून ठेवलेली चित्रमय पोथीच होती. तेव्हा चित्राच्या साहाय्याने धर्म शिकविणे ही जणू परदेशी यंत्रांबरोबर परवा-परवा बोटीतून उतरलेली बाब आहे, असा जो समज आमच्या पुष्कळ धर्मशिक्षकांत रूढ आहे, तो प्रथम बाजूला ठेवावा, अशी या पुस्तिकेच्या वाचकांना माझी विनंती आहे.

पुस्तिकेचा विषय चित्रपट आणि फिल्मस्ट्रिप यांचा चर्चमधील धर्मशिक्षणात उपयोग हा आहे. चित्रपट म्हणजे काय हे कोणास सांगावयास नको. फिल्मस्ट्रिप मात्र पाहिलेली माणसे आता उतारवयाला लागली असल्यामुळे तिचे वर्णन करणे भाग आहे. पस्तीस मिलिमीटर रुंदीची, मीटरभर लांबीची एक फिल्मची पट्टी, तीवर एकाखाली एक अशी चाळीसेक स्थिर चित्रे, अॅल्युमिनियमच्या लहानशा गोल डबीत घातलेले तिचे वेटोळे, आणि सोबत प्रत्येक चित्रास क्रमांक देऊन छापलेले निवेदन, एवढाच तिचा संसार. यंत्रात ती अडकवावयाची, दिवा लावावयाचा, बाजूची मूठ एक घर फिरविली की पडद्यावर पुढचे चित्र येते. आणि ती फिरविली नाही तर आलेले चित्र, शिक्षकाची इच्छा असेल तोपर्यंत, तेथेच उभे राहते. पुढे काही पट्ट्यांसोबत ध्वनिमुद्रिका येऊ लागल्या व त्यांतील एका बारीक नादासरशी मूठ फिरवावी अशी योजना झाली. ही सुधारणा होती की घसरगुंडी, याविषयी माझे मत पुढे येईलच.

रोमच्या दप्तरातून या विषयावर जी पत्रके निघाली त्यांचा इतिहास येथे विस्ताराने देण्याचे प्रयोजन नाही. पोप अकरावे पायस यांनी 1936 मध्ये आणि पोप बारावे पायस यांनी 1957 मध्ये चित्रपटासंबंधी परिपत्रके काढली. पहिल्यात पहाऱ्याचा सूर अधिक आहे, दुसऱ्यात स्वागताचा. परंतु एका तारखेकडे वाचकांचे लक्ष वेधल्यावाचून राहवत नाही. 4 डिसेंबर 1963 रोजी द्वितीय व्हॅटिकन परिषदेने आपले पहिले दोन दस्तऐवज एकाच दिवशी प्रसिद्ध केले: एकाने उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून दिली, आणि दुसऱ्याने वृत्तपत्रे, चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांना धर्मकार्यात रीतसर स्थान दिले. रोमच्या दृष्टीने या दोन निरनिराळ्या बाबी असतील. कोर्लईसारख्या गावातील धर्मशिक्षकाच्या दृष्टीने त्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू होत, आणि तो प्रश्न असा की, चित्र दिसत असताना बोलावयाचे कोणी, व कोणत्या भाषेत?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या मुलुखाने परिषदेची वाट न पाहता फार पूर्वीच दिलेले आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातून निघून 1579 मध्ये गोव्यास आले, आणि 1616 मध्ये राचोल येथे त्यांचे जे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले ते जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे आहे. शांताराम बंडेलू यांनी 1956 मध्ये ते देवनागरीत उपलब्ध करून दिल्यापासून मराठी वाचकांनी त्यातील भाषासौंदर्याचे पुष्कळ कौतुक केले. पण त्याच्या रचनेतील एका गोष्टीकडे मात्र धर्मशिक्षकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. त्या पुराणात कथा एकतर्फी वाहत नाही. ऐकणारा मध्येच शंका काढतो, पाद्री-गुरू थांबतो, शंकेचे निरसन करतो आणि मग कथा पुढे चालू होते. ज्याने ही चौकट निवडली त्याला श्रोत्याची नाडी पुरती सापडलेली होती. आपल्याकडील श्रोता पुराणास बसतो तो केवळ ऐकावयास नव्हे, विचारावयासही बसतो.

याच किनाऱ्यावर दुसरेही एक उदाहरण घडले, आणि ते ख्रिस्ती समाजाच्या बाहेरचे असल्यामुळे अधिकच बोधप्रद आहे. रोहा, अष्टमी, किहीम, पेण, नागाव या गावांवरून ज्यांची आडनावे पडली, आणि ज्यांच्या वस्तीची खूण अलिबागेस इस्रायल आळीच्या नावाने आजही टिकून आहे, त्या बेने इस्रायल या ज्यू समाजातील काही मंडळींनी 1880च्या सुमारास अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे मराठी कीर्तनांत बांधली. पूर्वरंग, आख्यान, साकी, दिंडी, सारा थाट हरिदासाचा. कथा मात्र तोरातील. ज्या समाजाजवळ प्रतिमा ठेवण्यास धर्माचीच मनाई होती त्याने कीर्तनकाराच्या हावभावांतून आणि शब्दांतून आपली चित्रे उभी केली. आमच्यात पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती सर्वश्रुतच आहे.

आणि चित्रे हवीत तर तीही होतीच. कोकणच्या दक्षिण टोकास, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, ठाकर समाजातील चित्रकथी रामायण-महाभारतातील आख्याने सुट्या चित्रांच्या आधारे सांगत आले. त्या चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात. एकेक चित्र पुढे धरावयाचे, त्यावरची कथा गाऊन-बोलून सांगावयाची, मग ते ठेवून पुढचे उचलावयाचे. विजेचा दिवा आणि काचेचे भिंग वगळल्यास ही फिल्मस्ट्रिपच नव्हे काय? उत्तर कोकणात, कल्याणास, महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892च्या सुमारास जादूच्या कंदिलाचे खेळ 'शांबरिक खरोलिका' या भारदस्त नावाने सुरू केले, तेही याच जातीचे: काचेवर हाताने रंगविलेली पौराणिक चित्रे, पडद्यावर त्यांचे मोठे रूप, आणि जोडीला निवेदन व गायन. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे 1896 मध्ये आली, म्हणजे त्यानंतर. प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचे कंदील गावोगाव फिरत होते हे खरे. पण पाहणाऱ्यांना तो प्रकार सर्वस्वी परका वाटला असेल असे समजण्याचे कारण नाही.

चित्रपटाच्या बाबतीत तर येशूचरित्राचे मराठी माणसावर एक ऋण आहे, किंवा मराठी माणसाचे येशूचरित्रावर. कोणी कोणाचे फेडावयाचे हे मला ठरविता आलेले नाही. 1910च्या नाताळाच्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईस अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पुढे 1917 मध्ये 'नवयुग' मासिकात त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, ख्रिस्ताचे चरित्र चर्मचक्षूंपुढून सरकत असताना मनश्चक्षूंपुढे त्यांना श्रीकृष्ण आणि श्रीरामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती. त्या दर्शनातून 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, आणि भारतीय चित्रपटाचा जन्म झाला. ही कथा आम्ही अभिमानाने सांगतो, सांगावीही. परंतु धर्मशिक्षकाने तिच्यातील दुसरा अर्थही वाचला पाहिजे. ज्यांनी तो चित्रपट तयार केला त्यांच्या मनात नाझरेथ होते. पाहणाऱ्याच्या मनात उगवले ते गोकुळ. नुसते चित्र पाहणाऱ्याच्या मनात काय पेरील याची हमी कोणालाही देता येत नाही. आणि यात पाहणाऱ्याचा दोष नाही, कारण प्रत्येकजण आपल्याजवळ असलेल्या भांडारातूनच चित्राला अर्थ पुरवीत असतो. फाळके प्रतिभावंत होते म्हणून त्यांच्या मनातले आपल्याला कळले. वर्गातील नऊ वर्षांच्या मुलाच्या मनात त्याच वेळी काय चालले आहे, हे विचारल्यावाचून कळावयाचे नाही.

फाळक्यांच्याच 'लंकादहन'च्या वेळी पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक साष्टांग नमस्कार घालीत, अशी हकीगत प्रसिद्ध आहे. ख्रिस्तचरित्राच्या खेळातही क्रूसाचा प्रसंग आला की डोळे पाणावतात, हात जोडले जातात. या भावनेविषयी मला नितांत आदर आहे. मात्र हात जोडले गेले म्हणजे शिक्षण झाले असे समजून वर्ग सोडणाऱ्या शिक्षकांविषयी तितकाच आदर बाळगणे मला जमत नाही.

येथे मी माझ्या मुख्य प्रतिपादनाकडे येतो. बोलका चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने धावतो, म्हणजे तासाभरात 86,400 चित्रे डोळ्यांवरून जातात, आणि त्यांतील एकही थांबत नाही. फिल्मस्ट्रिपमध्ये चित्रे चाळीस. मग शिकविण्याच्या कामी अधिक काय? किनाऱ्यावरच्या मुलांचा अनुभव सांगतो की, चाळीसच अधिक. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातला प्रसंग घ्या. रात्रभर श्रमून हाती काही न लागलेल्या शिष्यांना तीरावर उभा असलेला येशू जाळे उजव्या बाजूस टाकावयास सांगतो, आणि जाळ्यात एकशेत्रेपन्न मासे येतात. चित्रपटात हे सारे दोन-तीन मिनिटांत उरकते, पार्श्वसंगीत चढते, आणि मुले चमत्काराने थक्क होऊन घरी जातात. तेच चित्र पट्टीवर उभे ठेवले तर काय होते? ज्यांचे बाप-चुलते भरती-ओहोटीच्या हिशोबाने, खुंटांना बांधलेल्या डोल जाळ्याने मासेमारी करतात ती मुले प्रथम जाळेच पाहतात आणि विचारतात की, डोलीला कसली उजवी न् डावी बाजू? मग शिक्षकाला सांगावे लागते की गालीलचा तलाव हा समुद्र नव्हे, तेथे ओहोटीची ओढ नाही, म्हणून तेथील जाळे निराळे, ते होडीवरून टाकावयाचे व ओढावयाचे. यावर दुसरा विचारतो की, रात्रभर काही मिळाले नाही तर सकाळी परत जाळे टाकावयाला ते तयार कसे झाले? हा प्रश्न जाळ्याविषयी दिसतो, पण तो श्रद्धेविषयी आहे, आणि धर्मशिक्षणाचा आरंभ त्या क्षणी झाला असे मी समजतो. चित्र थांबले नसते तर प्रश्नास जागाच नव्हती.

दुसरा मुद्दा भाषेचा, आणि तो रायगडच्या किनाऱ्यावर जितका टोचतो तितका इतरत्र क्वचितच टोचत असेल. 1740च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आल्यावर पोर्तुगीज गेले. पण किल्ल्याखालच्या गावातील ख्रिस्ती लोक राहिले, आणि त्यांच्या घरांत पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक बोली राहिली. तिला ते 'नॉ लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात; बोलणारे जेमतेम हजारभर. जे. क्लॅन्सी क्लेमंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, म्हणून जगाच्या विद्वत्सभेत तिचे नाव झाले. तालुक्याच्या गावी मात्र तिचा पत्ता अजूनही फारसा कोणास नाही. या गावातील मूल आईशी त्या बोलीत बोलते, शाळेत मराठीत शिकते, माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये मराठीत मिस्सा ऐकते, आणि धर्मशिक्षणासाठी चित्रपट लावला की तो येतो हिंदीत, नाहीतर इंग्रजीत. म्हणजे ज्या गोष्टी मुलाच्या अगदी अंतःकरणापाशी जावयाच्या त्याच त्याच्या घरापासून सर्वांत दूरच्या भाषेत बोलल्या जातात. चित्रपट आपली भाषा बरोबर घेऊन येतो आणि ती दुसऱ्यांवर लादतो. मुकी पट्टी मात्र रिकाम्या हाताने येते. तिला बोलके करणारा मनुष्य ज्या बोलीत बोलेल ती तिची बोली. म्हणूनच ध्वनिमुद्रिकेची जोड ही मला सुधारणा वाटत नाही: तिने पट्टीचा एकमेव मोठा गुण हिरावून घेतला आणि शिक्षकाला मूठ फिरविणारा गडी करून सोडले.

याचा अर्थ चित्रपटाला चर्चच्या दारातून परत पाठवावे असा नाही. 1979 साली निघालेला, लूकच्या शुभवर्तमानावर आधारलेला 'जीझस' हा चित्रपट आणि 1978च्या तेलुगू 'करुणामयुडु'चे 'दयासागर' हे हिंदी रूप, हे दोन्ही आपल्याकडे खेडोपाडी पाहिले गेले. आणि दोहोंची तुलना करावयास मुलांना सांगणे हाच एक उत्तम पाठ होऊ शकतो. पहिल्यात येशूचा चेहरा युरोपीय, दुसऱ्यात तेलुगू नटाचा. पहिल्यात पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष का नाहीत, असे नाताळचा गोठा दरवर्षी स्वतःच्या हाताने सजविणाऱ्या मुलाने विचारले, तर ते मत्तयाच्या शुभवर्तमानात आहेत, लूककडे मेंढपाळ आहेत, हे सांगण्याची आयती संधी मिळते. बायबलचे पुस्तक उघडावयास लावणारा चित्रपट हा चांगला चित्रपट, मग त्याची कला कशीही असो. चेहऱ्याच्या प्रश्नावर मात्र मी अधिक आग्रही आहे. गोव्यात जन्मून पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी साडी नेसलेली मरिया रंगविली, तेव्हा स्वधर्मीयांनीच नाके मुरडली. त्यांच्या चित्रांची एखादी पट्टी आमच्या वर्गांतून फिरली असती तर येशू हा गोऱ्या साहेबाचा देव आहे हा ग्रह, जो आमच्याही मुलांत आढळतो, बराच सैल झाला असता.

व्यावहारिक अडचणींचा पाढा पुस्तिकेत आहेच. मी एकीचाच उल्लेख करतो. अॅसिटेट फिल्मला उष्ण व दमट हवा सोसत नाही. चार महिने पाऊस आणि बारा महिने खारे वारे असलेल्या या पट्ट्यात पॅरिशच्या कपाटातली डबी उघडली तर प्रथम व्हिनेगरचा आंबट वास येतो. तो आला म्हणजे पट्टी आतून सडू लागली असे समजावे. रंगीत असेल तर निळा व हिरवा उडून सारे जग गुलाबी झालेले दिसते. अशा पट्ट्या फेकून देण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवणे आता कोणासही मोबाइलवर शक्य आहे, आणि छापील निवेदने तर त्याहून जपावीत, कारण कोणत्या दशकात धर्म कसा सांगितला जात होता याचा तो अस्सल पुरावा आहे.

मोबाइलचे नाव निघालेच आहे, तर हेही नमूद करतो की, त्यावरील थांबविण्याच्या बटणाने चित्रपटाला फिल्मस्ट्रिपचा गुण परत मिळवून दिला आहे. मात्र ते बटण दाबण्याचे धैर्य शिक्षकापाशी हवे. चित्रपट रंगात आला असता मध्येच थांबविणारा शिक्षक पहिल्या दिवशी मुलांना खलनायक वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी तीच मुले "थांबवा, थांबवा" म्हणू लागतात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ही पुस्तिका पॅरिशमधील मुलांच्या व प्रौढांच्या धर्मशिक्षणापुरती आहे. गावाच्या चौकात पडदा बांधून परधर्मीयांपुढे खेळ लावणे ही निराळी बाब असून तिच्यात शेजारधर्माचे, परवानगीचे आणि कायद्याचे निराळे प्रश्न गुंतलेले आहेत. ज्या किनाऱ्यावर देऊळ, दर्गा, सिनेगॉग आणि चर्च एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर शतकानुशतके नांदली, तेथे आपल्या घरात दिवा लावताना तो शेजाऱ्याच्या डोळ्यांवर मारू नये एवढे भान सर्वांनाच असते. संपादकांनी ही मर्यादा पहिल्याच पानावर घातली, हे योग्य केले.

संपादकांशी माझा मतभेद एकाच कलमापुरता आहे. सर्व पाठांची निवेदने उत्तम आवाजात मुद्रित करून वाटावीत, म्हणजे नवख्या शिक्षकाची सोय होईल व शिकवणुकीत एकसूत्रता राहील, अशी त्यांची तजवीज आहे. सोय होईल हे मला मान्य आहे. एकसूत्रतेसाठी मात्र उरण, अलिबाग, रेवदंडा आणि कोर्लई येथील मुलांना एकच आवाज ऐकवावा हे मला पटत नाही. तडजोड म्हणून मी असे सुचवितो की, पुस्तिकेत छापलेली मराठी निवेदने शिक्षकाने आधी घरी दोनदा वाचावीत, वर्गात कागद हाती न घेता आपल्या गावच्या बोलीत सांगावीत, आणि ज्या चित्रापाशी मुलांनी प्रश्न विचारले त्याच्या क्रमांकासमोर, समासात, तो प्रश्न पेन्सिलीने लिहून ठेवावा. समास त्या हेतूने रुंद सोडलेले आहेत. दुसऱ्या आवृत्तीचे काम निघेल तेव्हा अशा प्रती संपादकांकडे परत याव्यात.